आधी खोली, मग खोकं

पुणे, रविवार

चि. बाळ,

तुझी यादी मिळाली. कांद्याच्या पट्टीतून दादा पैसे देणार, हे वाचून बरं वाटलं. मग खालचा आकडा पाहिला आणि पोटात गोळाच आला. माइक, इंटरफेस, स्पीकरची जोडी, मिक्सर, भिंतीला फोम, वर नवा लॅपटॉप! अरे, भजन रेकॉर्ड करायचंय की लोणीत स्टुडिओ थाटायचाय?

लॅपटॉप आहे तोच पुरे. सॉफ्टवेअरलाही पैसा घालू नकोस. ऑडॅसिटी 2000 सालापासून फुकट मिळतंय. मिक्सर खोड. स्पीकरही तूर्त खोड, त्याऐवजी कान पूर्ण झाकणारा हेडफोन घे, म्हणजे त्यातला आवाज झिरपून पुन्हा माइकमध्ये शिरत नाही.

माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये पोचवणारा इंटरफेस मात्र हवाच. फोकसराइटचा घे नाहीतर बेहरिंजरचा, पण दोन माइक लागतील असा बघ. आज एकाच माइकवर भागेल. उद्या पखवाजाला दुसरा लागला तर अख्खा डबा बदलायला नको. त्यावर डायरेक्ट मॉनिटरची सोय आहे ना, तेही विचार. गाताना आपला आवाज लॅपटॉपमधून फिरून कानात आला की किंचित मागे पडतो आणि ताल सुटतो. या सोयीने तो थेट येतो.

आता माइक. तू कंडेन्सर लिहिलायस. मीही एकदा तोच आणला होता, पिन बदलून लॅपटॉपच्या भोकात खुपसला आणि तीन दिवस मुका माइक घेऊन बसलो. दुकानदाराला नाही नाही ते बोललो. त्याला 48 व्होल्टचा फँटम पॉवर लागतो आणि तो इंटरफेसमधून मिळतो, हे मला कुठे ठाऊक होतं! पुढे तो बोलायला लागला तेव्हा आणखी पंचाईत: विहिरीवरची मोटर, कोंबडा, वहिनीची भांडी, सगळंच त्याला ऐकू यायचं. आपल्या घराला डायनॅमिक माइकच बरा. तो तोंडाजवळचं ऐकतो आणि लांबचं बरंचसं सोडून देतो. शुअरचा एसएम58 हा 1966 सालचा माइक अजून मंचावर टिकून आहे. त्याच्या नकला मात्र बाजारात बक्कळ, तेव्हा पक्कं बिल देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घे. तेवढे पैसे नसतील तर मंडपवाल्याचा साधा माइक दोन दिवस मागून आण आणि त्यावर शिक.

पडवीत बसू नकोस, वरचा पत्रा आवाज परत फेकतो. खोलीत टाळी वाजवून बघायची. मागे टणटण उरली तर ती जागा कामाची नाही. बाजरीची पोती असतात त्या खोलीत टाळी वाजवलीस तर ती तिथेच विरते. समोर दोरीवर दोन जाड गोधड्या टाक, फोमचे पैसे वाचले.

1902 साली कोलकात्यात गायिका गौहर जानची रेकॉर्ड झाली ती हॉटेलच्या खोलीत, एका कर्ण्यासमोर. तेव्हा मिक्सर कुठला? मोठ्या आवाजाचं वाद्य मागे सरकवायचं, गळा पुढे, एवढीच युक्ती. तुलाही एका माइकवर तेच करायचंय. पखवाज चार हात मागे, पेटी बाजूला म्हणजे भात्याची फुसफुस यायची नाही, टाळकरी दाराशी. एक कडवं घ्यायचं, ऐकायचं, माणसं हलवायची, पुन्हा घ्यायचं. यात अख्खी संध्याकाळ गेली तरी चालेल.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. आप्पांचा अभंग माझ्याकडे आहे, त्यांच्या शेवटच्या दिवाळीतला. आवाज खणखणीत, पण पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मागे घूंऽऽ अशी घरघर. माइक वाईट म्हणून मी चरफडत होतो. रात्री आवरताना चार्जरची पिन काढली आणि हेडफोनमधली घरघर गपकन थांबली. तोवर आप्पा झोपले होते. पुन्हा कधी बसणं झालं नाही. ती 50 हर्ट्झची घरघर सॉफ्टवेअरने काढायला गेलो की आप्पांचा खर्जही सोबत जातो, म्हणून तशीच ठेवलीय.

तेव्हा रेकॉर्डिंगच्या वेळी लॅपटॉप बॅटरीवर चालव. अर्थिंग कच्चं असलं तरी अशी घरघर येते, म्हणून दादाला विचार, अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा शेवटचा कधी घातला होता. उन्हाळ्यात तिथे पाणीही ओतावं लागतं.

तुझा,
काका