चहाची बैठक आणि कवितेची घडण : रविकिरण मंडळाचा पुनर्विचार

छावणी ओलांडून दौलताबादच्या दिशेने निघाले की पडेगाव लागते. या वस्तीतील चहाच्या एका हॉटेलात संध्याकाळी पाचसहा मंडळी नेमाने जमतात आणि त्यांच्यापैकी कोणीतरी आपल्या छंदाच्या, बहुधा इतरांना अपरिचित अशा विषयावर अर्धा तास बोलतो. निजामी अमलातील हाली शिक्क्याचे रुपये, मोडी दप्तरांतील अक्षरवळणे, जुन्या घड्याळांची दुरुस्ती असे हे विषय असतात. अध्यक्ष नाही, प्रास्ताविक नाही, आभार नाहीत; चहा संपला की दुसरा मागवायचा, एवढाच कार्यक्रम. प्रस्तुत लेखकाला तेथे एकदा मात्रावृत्तांवर बोलण्याचा प्रसंग आला. बोलणे संपल्यावर किराणा दुकान चालविणाऱ्या एका गृहस्थांनी विचारले, "सर, ही वृत्तं बांधली कोणासाठी? वाचणाऱ्यासाठी की ऐकणाऱ्यासाठी?" तेव्हा दिलेले उत्तर पुस्तकी होते आणि ते प्रश्नकर्त्याला पटले नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचा उशिरा केलेला विचार होय.

आपल्या वाङ्मयेतिहासाला छापलेल्या पानाची सवय आहे. ग्रंथ, नियतकालिके, संमेलने, संस्था यांच्या नोंदी तो काळजीपूर्वक ठेवतो. परंतु चार रसिक एकत्र बसून जे बोलतात त्याची जागा फार तर आठवणींच्या पुस्तकात असते. वास्तविक 'गोष्ट' हा आपला रोजचा शब्दच 'गोष्ठी'पासून आलेला आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रात नागरकाच्या दिनक्रमाचे जे वर्णन येते, त्यात काव्याची व कलांची चर्चा करणारी गोष्ठी आणि एकमेकांच्या घरी होणारे आपानक, म्हणजे पानगोष्टी, शेजारीशेजारीच येतात. गोष्ठीत केवळ संस्कृतात बोलू नये आणि केवळ देशभाषेतही बोलू नये, असा व्यवहारी सल्लाही तेथे दिलेला आहे. ग्रीकांच्या ज्या 'सिंपोझियम'वरून आज विद्वत्सभांना नाव मिळाले, त्या शब्दाचा मूळ अर्थ 'एकत्र पिणे' एवढाच. आपल्या विद्यापीठीय परिसंवादांत मात्र चहा मध्यंतरात मिळतो आणि खरे बोलणेही बहुधा तेव्हाच होते.

आधुनिक महाराष्ट्रात हे एकत्र पिणे सोपे नव्हते. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहाबिस्किटे आली. निमंत्रितांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. कोणी चहा घेतला, कोणी पेल्याला नुसता हात लावला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव'मधून प्रसिद्ध केली आणि ग्रामण्य उभे राहिले. शंकराचार्यांनी नेमलेल्या मंडळापुढे चौकशी झाली, प्रायश्चित्ते झाली. त्या दिवशीच्या व्याख्यानाचा विषय आज फारसा कोणाला सांगता येत नाही. चहा मात्र सर्वांच्या लक्षात आहे. कोण कोणाबरोबर बसून पितो यावर कोण कोणाशी बोलू शकतो हे ठरते, याचे यापेक्षा ठळक उदाहरण शोधूनही सापडणार नाही. पुढील विवेचनात हे सूत्र ध्यानात ठेवावयाचे आहे.

या प्रसंगानंतर तेहतीस वर्षांनी, १९२३ मध्ये, त्याच पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले. माधव जूलियन (माधव त्र्यंबक पटवर्धन), यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, ग. त्र्यं. माडखोलकर, दिवाकर, द. ल. गोखले, वि. द. घाटे ही त्या मंडळाशी निगडित नावे. रविवारी चहाच्या निमित्ताने जमावे, आपल्या कविता वाचाव्यात, त्यांवर बोलावे, हा त्यांचा परिपाठ होता. त्याच वर्षी 'किरण' हा त्यांचा संग्रह निघाला; पुढल्या वर्षी घाटे आणि माधव जूलियन यांचा 'मधु-माधव' आला. अभ्यासक्रमात आपण या मंडळाला 'संप्रदाय' म्हणून शिकवितो आणि मग त्या संप्रदायाचे तत्त्वज्ञान शोधू लागतो. ते सापडत नाही. प्रणयाची उघड भाषा, सामाजिक कळवळा, खंडकाव्याची हौस, सुनीताचा पुरस्कार अशी वैशिष्ट्यांची यादी तयार होते; पण दिवाकरांच्या नाट्यछटा, माडखोलकरांची समीक्षक दृष्टी आणि गिरीशांची 'आंबराई' यांना एका वैचारिक सूत्रात ओवताना विद्यार्थी आणि शिक्षक दोघेही थकतात. प्रस्तुत लेखकाच्या मते ही अडचण आपल्या गृहीतकामुळे निर्माण झाली आहे. रविकिरण मंडळ हा विचारांचा संप्रदाय नव्हता. ती एक बैठक होती. तेथे जमणाऱ्यांना एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे ऐकण्याची सवय.

बैठकीतील कवितेला काही गोष्टी अपरिहार्यपणे साधाव्या लागतात. पहिल्या वाचनातच ती कानाला कळली पाहिजे. श्रोत्याला मागचे पान उलटता येत नाही. तिचा शेवट ऐकू आला पाहिजे. आणि समोरचे श्रोते स्वतःच कवी असल्यामुळे रचनेतील एखादी मात्रा घसरली तर ती खपत नाही. रविकिरण मंडळाच्या कवितेतील सुबोधपणा, कडव्यांचा बंदिस्तपणा, यमकांची चोख जुळणी आणि गेयता ही वैशिष्ट्ये आपण आजवर त्या कवींच्या काव्यदृष्टीच्या खात्यात जमा केली. त्यांतील पुष्कळशी या श्रवणाच्या खात्यात जमा करावयास हवीत. सुनीताचेही असेच. चौदा ओळींत कल्पना मांडून, वळवून, संपविणारी ही रचना एका घोटात ऐकता येते. खंडकाव्याला हा न्याय जसाच्या तसा लागू पडत नाही, हे मान्य केले पाहिजे. 'विरहतरंग' (१९२६) किंवा 'बंदीशाळा' (१९३२) एका चहात संपणारी नव्हेत. तथापि त्यांतही स्वतंत्रपणे म्हणून दाखविता येतील असे भाग कसे पाडले आहेत, हे पाहण्यासारखे आहे.

या बैठकीतील सर्वांत अनोखा छंदिष्ट अर्थातच माधव जूलियन. हा मनुष्य फर्ग्युसन महाविद्यालयात फार्सी शिकवीत होता; १९२५ मध्ये त्याने फार्सी-मराठी कोश सिद्ध केला, १९२७ मध्ये 'छन्दोरचना' लिहिली, १९३७ मध्ये तिची सुधारून वाढविलेली आवृत्ती काढली आणि तिच्यासाठी १९३८ मध्ये मुंबई विद्यापीठाची डी. लिट. मिळविली. मराठीसाठी त्या विद्यापीठाने दिलेली ही पहिली डी. लिट. लघुगुरूंची मोजदाद, फार्सी बहरांचे मराठी रूप, मात्रांचे आवर्तन हे विषय आजही एम. ए.च्या वर्गात जांभया आणतात. ते एका व्यक्तीचे वेड होते. असे वेड एकट्याने जोपासले तर त्याचा बहुधा कोश होतो. चार कानांपुढे ते सांगावे लागले तर त्याचे शास्त्र होण्याचा संभव वाढतो. 'छन्दोरचने'तील वृत्तविचार म्हणण्याच्या पद्धतीला, आवर्तनाला आणि यतीला जे महत्त्व देतो, ते कागदावरच्या मोजणीतून येत नाही. वृत्त म्हटले कसे जाते हे ज्याने वारंवार ऐकले आणि ऐकविले आहे, त्याचाच हा विचार असू शकतो. पडेगावच्या त्या गृहस्थांना द्यावयाचे उत्तर खरे तर येथे होते.

दिवाकरांचा उल्लेख आपल्याकडे मंडळाच्या संदर्भात जाता जाता होतो. त्यांची नाट्यछटा मंडळाच्या आधीची, १९११ पासूनची. ब्राउनिंगच्या नाट्यात्म स्वगतांपासून स्फुरलेली. तरीही ती बैठकीचीच रचना आहे. एकच पात्र बोलते, समोरचा मनुष्य आहे असे धरून बोलते आणि त्या अदृश्य श्रोत्याची उत्तरे आपण त्याच्या बोलण्यातून ओळखतो. दिवाकर या मंडळीत का रमले असावेत, हे वेगळे सांगावयास नको.

बैठक होती तोवर हे ठीक चालले. परंतु या कवींनी, विशेषतः यशवंत आणि गिरीश यांनी, काव्यगायन जाहीर सभेत नेले आणि ते अतिशय लोकप्रिय झाले. येथे एक महत्त्वाचा बदल घडला, ज्याची पुरेशी चर्चा झालेली नाही. बैठकीतला श्रोता टोकतो. सभागृहातला श्रोता टाळ्या देतो. टोकणारा गेला आणि टाळी आली की तीच गेयता आळवणीकडे झुकते, तोच सुबोधपणा सांकेतिक होतो. आचार्य अत्रे यांनी 'केशवकुमार' या नावाने लिहिलेल्या 'झेंडूची फुले' (१९२५) मधील विडंबनांचे मर्म येथे आहे. अत्र्यांनी रविकिरणांची खिल्ली उडविली, असे आपण शिकवितो. फार्सी शब्दांची भरताड, प्रेमाची ओढूनताणून केलेली कबुली यांची यादी देतो. पण विडंबनकाराला मूळ कवितेचा आवाज हुबेहूब काढता यावा लागतो. तो सर्वांच्या कानांत बसला होता म्हणूनच हे विडंबन रंगले. एका अर्थी अत्रे हे या बैठकीत उशिरा आलेले, न बोलावलेले आणि सर्वांत कठोर टोकणारे श्रोते ठरतात. मंडळी पुढे पांगली. माधव जूलियन कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात, गिरीश सांगलीला, माडखोलकर नागपूरला. नाव टिकले, चहा टिकला नाही.

माधव जूलियनांच्या गज्जलेचा प्रश्न मराठवाड्यातील अभ्यासकाला अधिक जवळचा आहे. 'गज्जलांजली' (१९३३) वाचताना जाणवते की फार्सी बहर त्यांनी अचूक आणले. परंतु त्यांच्या पुष्कळ गज्जलांतील द्विपदी एकाच भावाच्या धाग्यात चालतात, प्रत्येक शेराचे स्वतंत्रपण तेथे क्वचितच राहते. पुढे सुरेश भटांनी नेमके याच स्वतंत्रपणावर बोट ठेवले. हा फरक व्यक्तिगत प्रतिभेचा म्हणून सोडून देता येईल. पण येथेही श्रवणाची जागा पाहणे उपयुक्त ठरते. मुशायऱ्यात शेराची पहिली ओळ श्रोते उचलून धरतात, तिची पुनरुक्ती होते, उत्कंठा ताणली जाते आणि मग काफिया-रदीफासह दुसरी ओळ येते. दादेच्या या थांब्यामुळेच शेर स्वयंपूर्ण होतो. वलीच्या आणि सिराजच्या या शहरात, त्या वेळच्या औरंगाबादेत, दखनी-उर्दू गझल अशा मैफलींतून अठराव्या शतकातच रुजली होती. पुण्याच्या बैठकीत मात्र गज्जल आली ती फार्सी ग्रंथांतून आणि ऐकली ती वृत्ताचे जाणकार असलेल्या मराठी कवींनी. त्यांनी बहर पारखला. शेराला थांबा देण्याची रीत त्यांच्याकडे नव्हती. आपल्या शहरातील मैफल आणि पुण्यातील चहा यांची गाठ पडली असती तर काय झाले असते, हा कल्पनाविलास येथे आवरता घेतो.

आता पंचहौदाच्या सूत्राकडे वळू. रविकिरण मंडळाच्या बैठकीत एक स्त्री कवयित्री म्हणून समान नात्याने बसत होती, ही १९२३ च्या पुण्यात लहान गोष्ट नव्हे. परंतु मंडळाचे सदस्य सुशिक्षित, पांढरपेशे आणि ब्राह्मण होते, हेही तितकेच खरे. त्याच १९२३ सालच्या ऑगस्टमध्ये रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असे त्यात म्हटले होते. त्यानुसार चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह करावा लागला. ज्यांना पाणी मिळत नव्हते त्यांना चहाच्या बैठकीचे निमंत्रण कोठून येणार? मंडळाच्या कवितेतील सामाजिक कळवळा प्रामाणिक असूनही वर्णनपर का राहिला, याचे एक कारण येथे आहे. ज्यांच्याविषयी कविता लिहिली जात होती, ते ती ऐकून टोकण्यासाठी समोर बसलेले नव्हते.

ते बसले ते वेगळ्या ठिकाणी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे १९५० मध्ये सुरू केलेल्या महाविद्यालयाच्या, म्हणजे आजच्या मिलिंद महाविद्यालयाच्या, नागसेनवन परिसरात. पडेगावाहून शहरात येताना छावणीनंतर हा परिसर फार दूर नाही. येथे शिकविणाऱ्या डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या पुढाकाराने १९६७ मध्ये 'अस्मिता' निघाले, तेच पुढे 'अस्मितादर्श' झाले. त्याच्या वतीने भरू लागलेल्या मेळाव्यांचे नाव पाहण्यासारखे आहे : लेखक-वाचक मेळावा. या नावात कवी-श्रोते नाहीत. निवडक मित्रांच्या खोलीऐवजी खुला मेळावा, गेय कडव्याऐवजी गद्य, मुक्तछंद आणि आत्मकथन, हा बदल केवळ आशयाचा नाही. समोर कोण बसले आहे याचाही आहे. अर्थात मेळाव्याच्या मागेही वसतिगृहातल्या, कँटीनमधल्या बैठका असतातच. त्यांचा इतिहास लिहिणे अजून शक्य आहे, कारण त्यांत बसलेली काही माणसे आज आपल्यामध्ये आहेत. रविकिरण मंडळाच्या बाबतीत ती सोय राहिलेली नाही. तेथे अर्पणपत्रिका, प्रस्तावना, पत्रव्यवहार आणि घाटे यांच्या 'दिवस असे होते' (१९६१) सारखी आत्मपर पुस्तके यांवरच भिस्त ठेवावी लागते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी लघुप्रबंधासाठी विषय निवडताना याचा विचार करावा, अशी सूचना आहे. मंडळाच्या एखाद्या कवीचा एक संग्रह घ्यावा, त्यातील कविता मोठ्याने वाचून पाहाव्यात आणि कोणत्या खोलीतल्या व कोणत्या सभागृहातल्या, हे कानाने ठरविण्याचा प्रयत्न करावा. निष्कर्ष चुकतील, पण ते वृत्तांची नावे पाठ करण्यापेक्षा अधिक शिकवून जातील. पडेगावच्या त्या गृहस्थांना यशवंतांची 'आई' पाठ होती, हे नंतर कळले. त्यांनी ती कधी वाचली नव्हती. शाळेत गुरुजींकडून ऐकली होती.