लग्नाचा लेख आणि पत्नीचे धन

शास्त्रपाठ : निर्गम 21:10; अनुवाद 24:1–4; प्रेषितांची कृत्ये 5:1–11



हनन्या व सप्पीरा ह्यांची गोष्ट आपण मंडळीत लबाडीविषयीचा इशारा म्हणून शिकवितो, आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्या आरंभीच्या एका लहानशा बाबीकडे आपले लक्ष सहसा जात नाही. जमीन विकली ती हनन्याने एकट्याने नव्हे. त्याची पत्नीही त्या व्यवहारात होती, असे लूक मुद्दाम सांगतो. शेत पुरुषाचे, तर स्त्रीचे नाव कशाला? ह्यावर काही अभ्यासकांनी असा तर्क केला आहे की, यहूदी नियमाप्रमाणे नवऱ्याच्या जमिनीवर पत्नीचा हक्क बांधलेला असे, म्हणून घेणारा तिची संमती मागे. हा हक्क कोणता, हे आज पाहू.

1. आपले शेजारी

ह्यासाठी यरुशलेमेस जाण्याची गरज नाही. आपल्या रायगड जिल्ह्याच्या (1981 पूर्वी ह्याचे नाव कुलाबा होते) किनाऱ्यावर बेने इस्राएल लोक पिढ्यानपिढ्या नांदले. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शब्बाथ दिवशी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांस शनिवार तेली म्हणत. पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर, किहीमचे ते किहीमकर, अशी त्यांची आडनावे पडली. मिशनरी डॉ. जॉन विल्सन ह्यांनी 1832 साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापले, त्याचा ह्या लोकांस उपयोग झाला. 1948 साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. तथापि रेवदंड्याचे 1842 चे व अलिबागचे 1848 चे सभास्थान त्यांची आठवण देत आहेत. त्यांच्या विवाहात सर्वांसमक्ष एक लेख वाचला जातो. त्यास केतुबा म्हणतात.

2. केतुबा

मोशेच्या नियमशास्त्राने पत्नीचे अन्न, वस्त्र व वैवाहिक हक्क राखले (निर्गम 21:10) आणि सूटपत्राशिवाय तिला घालवू नये असे ठरविले (अनुवाद 24:1). परंतु सूटपत्र हाती पडलेल्या स्त्रीने खावे काय? ह्या प्रश्नास शास्त्र्यांनी केतुब्याने उत्तर दिले. नवरा सूटपत्र देईल किंवा मरेल, तर पत्नीस ठरलेली रक्कम मिळावी, असा हा करार होय. इ. स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना ग्रंथात कुमारीसाठी निदान 200 झूज व विधवेसाठी 100 झूज असे प्रमाण आहे. 200 झूज ज्याच्यापाशी आहेत त्याने गरिबांसाठी सोडलेला सरवा वेचू नये, असाही त्यात नियम आहे. त्यावरून ह्या रकमेची किंमत कळते.

ही तजवीज एका दिवसात झाली नाही. प्रथम ती रक्कम वधूच्या बापाच्या घरी ठेवीत. मग नवरा रागावला की म्हणे, जा आपल्या केतुब्याकडे! त्याचे काहीच जात नसे. पुढे ती रक्कम भांड्यांच्या रूपाने नवऱ्याच्या घरी ठेवू लागले. तरी तो म्हणे, उचल आपली भांडी आणि चालू लाग! शेवटी ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात शिमोन बेन शेतह ह्या शास्त्र्याने असे ठरविले की, माझी सर्व मालमत्ता ह्या रकमेस तारण आहे, असे नवऱ्याने लिहून द्यावे. तेव्हापासून पत्नीला घालविणे सोपे राहिले नाही.

3. माहेरचे धन

स्त्रीने माहेरून आणलेल्या धनाचे दोन प्रकार मानीत. पहिल्यास लोखंडी मेंढरे असे चमत्कारिक नाव आहे. ह्या वस्तूंची किंमत केतुब्यात लिहीत आणि नवरा त्या वापरी. पण त्या मोडल्या वा हरवल्या तरी लिहिलेली किंमत त्याने भरून द्यावी. लोखंडाचे मेंढरू मरत नाही, तसे हे धन कमी होत नाही. दुसऱ्या प्रकारात मूळ मालकी स्त्रीची, उत्पन्न नवऱ्याचे. आपल्याकडील नारळाच्या वाडीचे उदाहरण घ्या : नारळ नवऱ्याने उतरवावे, ते घरखर्चास यावे, पण वाडी विकण्याचा अधिकार त्यास एकट्यास नाही.

मिश्नातील आणखी एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कोणी अशी जमीन प्रथम नवऱ्याकडून विकत घेतली आणि मागाहून पत्नीची संमती मिळविली, तर तो व्यवहार रद्द. कारण ती म्हणू शकते, मी केवळ नवऱ्याचे मन राखले. मात्र प्रथम पत्नीकडून व मग नवऱ्याकडून घेतली, तर व्यवहार पक्का. अंगठा उठला म्हणजे मन राजी झाले असे नव्हे, हे त्या जुन्या शास्त्र्यांनी ओळखले होते.

4. उणिवा

ह्या नियमांत उणिवाही होत्या. पत्नीची कमाई नवऱ्याची मानीत. मात्र तो तिच्या पोषणास बांधलेला असे, आणि मला तुमचे पोषण नको, माझी कमाई माझी, असे म्हणण्याची तिला मुभा होती. पत्नी वारली तर नवरा तिचा वारस होई. नवरा वारला तर पत्नी वारस होत नसे, तिला केतुबा व त्याच्या मिळकतीतून पोषण मिळे. इस्राएल राष्ट्राने 1951 च्या कायद्याने विवाहित स्त्रीस आपल्या मालमत्तेवर पूर्ण अधिकार दिला, आणि 1973 च्या कायद्याने विवाहकाळात मिळविलेल्या धनाची सामान्यतः समान वाटणी ठरविली.

5. आपल्याकरिता बोध

प्रेम आहे तेथे कागद कशाला, असे आपल्यातील पुष्कळ जण म्हणतात. परंतु प्रेम आटल्यावर किंवा प्रेम करणारा मरण पावल्यावर स्त्रीस कोण राखील? भावाच्या प्रेताजवळ रडणारे दीरच महिन्याभरात भावजयीस घराबाहेर काढतात, हे आपण ख्रिस्ती घरांतही पाहतो. विधवांची घरे गिळणाऱ्यांचा प्रभूने निषेध केला (मार्क 12:40). ते लोक प्रार्थना करणारेच होते, हे विसरू नये.

महाराष्ट्रात ख्रिस्ती व यहूदी ह्या दोघांच्याही वारसास 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र न करता नवरा वारला व मुले असली, तर विधवेस त्याच्या मालमत्तेचा तिसरा हिस्सा मिळतो, आणि उरलेल्यात मुलगा व मुलगी ह्यांचा वाटा सारखा. मुले-नातवंडे नसून इतर नातलग असले, तर विधवेस निदान अर्धा हिस्सा मिळतो. पत्नीमागे नवऱ्यासही तिच्या मालमत्तेत असाच हक्क आहे. विवाहसमयी उभयता ख्रिस्ती असतील, तर 1874 च्या कायद्याने पत्नीची स्वतःच्या धंद्याची वा नोकरीची कमाई तिचीच आहे. मासळी विकून तिने गाठीस बांधलेले पैसे नवऱ्याने हिसकावणे हे पाप तर आहेच, कायद्यालाही ते धरून नाही.

म्हणून उपदेशक बंधूंनी विवाहापूर्वी वधूवरांस बसवून माहेरच्या वस्तूंची यादी करावी आणि तीवर उभय पक्षांच्या सह्या घ्याव्या. नवीन जमीन घेताना सातबाऱ्यावर दोघांची नावे घालण्यास सांगावे. मृत्युपत्र दोन साक्षीदारांसमक्ष करावे. पत्नीचा दागिना तिच्या खुशीवाचून गहाण टाकू नये. आणि तिची खुशी विचारावयाची ती व्यवहार ठरण्यापूर्वी, मागाहून नव्हे.

ज्याने तिजवर आपल्यासारखी प्रीती करण्याचे वचन मंडळीसमोर दिले, त्याला तेच वचन कागदावर लिहून देण्यास भीती का वाटावी?

मंडळीत विचारावयाचे प्रश्न

1. शिमोन बेन शेतहने केलेल्या फेरफाराने पत्नीस घालविणे कठीण का झाले?
2. मागाहून घेतलेली पत्नीची संमती मिश्नाने का मानली नाही? आपल्या गावात अशी संमती कशी घेतली जाते?
3. आपल्या मंडळीतील विधवांपैकी किती जणींना आपला हिस्सा ठाऊक आहे? तो त्यांस कोण सांगेल?