रमजान संपला, आलेख बदलेना

“साहेब, रमजान आहे. लोक रात्रभर जागतात, पाणी रात्रीच वापरणार.” कुवेतच्या शर्क भागातल्या आमच्या ऑफिसात युनिक्स वर्कस्टेशनवर पाणीपुरवठ्याचं सॉफ्टवेअर पॅकेज बसवून गेलेल्या इंजिनिअरचं हे उत्तर. बोलणंही असं, की मी कालच विमानातून उतरलोय. इतकी वर्षं कुवेतमध्ये काढलेल्या माणसाला रमजान शिकवतो!

तक्रार साधी होती. टाक्यांच्या पातळीच्या आलेखात सकाळची मागणी मध्यरात्रीनंतर दिसायची. त्याने आधी पंप ऑपरेटरवर ढकललं, मग आमच्या केबलिंगवर, मग रमजानवर. आमच्या वरिष्ठांना पाठवलेल्या फॅक्समध्ये तर ‘ग्राहकाकडे प्रशिक्षित माणसांचा अभाव’ असंही लिहिलं. तो फॅक्स मी जपून ठेवलाय.

एका संध्याकाळी नाइफ पॅलेसची इफ्तारची तोफ झाली आणि ऑफिस रिकामं झालं. मी एकटाच आलेख बघत बसलो. मगरिबला, म्हणजे सूर्यास्ताला, सगळे पानावर बसलेले असतात, त्या वेळी टाकीतून पाणी जाणं एकदम मंदावतं. आलेखात तो खड्डा होता, अगदी ठळक, पण सकाळी अकराला! सूर्य तर तेव्हा मावळायचा पाचच्या सुमारास. म्हणजे बरोबर सहा तासांचा फरक. केबल खराब असती, ऑपरेटर चुकत असते, तर घोळ इतका नेटका कसा असेल?

पॅकेज सुरू करणारी स्क्रिप्ट उघडली. त्यात टीझेड, म्हणजे टाइमझोन, म्हणून ‘जीएमटी+३’ लिहिलेलं. कुवेत ग्रीनिचच्या तीन तास पुढे, तेव्हा वाचायला ते बरोबरच वाटतं. पण युनिक्समध्ये या पद्धतीने लिहिताना चिन्ह उलटं असतं : अधिक म्हणजे ग्रीनिचच्या पश्चिमेला. आमच्या टाक्या महाशयांनी अटलांटिकपलीकडे नेऊन ठेवल्या होत्या. हे फक्त त्या स्क्रिप्टमध्ये असल्याने पडद्यावरचं घड्याळ मात्र बिनचूक, म्हणून कुणाला संशय आला नाही. तिथे ‘एशिया/कुवेत’ लिहिलं की काम होतं. पण ती फाइल रूटच्या, म्हणजे प्रशासकाच्या खात्याच्या मालकीची, आणि रूटचा पासवर्ड त्याच्या खिशात! एक ओळ बदलायला ईद उलटेपर्यंत थांबलो. तोवर आलेख तसाच.

म्हणून सांगतो, रूटचा पासवर्ड पहिल्या दिवशी लेखी घ्या. स्क्रिप्टांची प्रत आपल्याकडे ठेवा. स्वीकृतीच्या सहीआधी एखाद्या टाकीचा व्हॉल्व्ह ठरल्या वेळी बंद करा, मनगटावरचं घड्याळ बघा आणि लॉगमध्ये ती नोंद कुठे पडते ते तपासा. शेवटचा हप्ता त्यानंतरच. बाकी बॅकअप घ्या, कागदपत्रं वाचा वगैरे सगळ्यांना ठाऊकच असतं.

गॅलनचंही बघा. कुवेतमध्ये पाणी इम्पीरियल गॅलनमध्ये मोजतात, म्हणजे ४.५४६ लिटर. अमेरिकन पॅकेजात नुसतं गॅलन म्हटलं की ३.७८५ लिटर. कुवेत टॉवर्सच्या दोन मनोऱ्यांत पाणी साठवतात, प्रत्येकी सुमारे ४,५०० घनमीटर. इथल्या हिशेबाने ते दहा लाख गॅलनच्या आसपास, अमेरिकन हिशेबाने जवळजवळ बारा लाख. पाण्याच्या जाळ्याचं गणित करणाऱ्या एपानेटमध्ये दोन्ही एककं निवडता येतात, तरी बसवणारा समोर दिसेल तेच ठेवून निघून जातो.

पॅकेजचं लायसन्स होस्टआयडीला, म्हणजे मशीनच्या ओळख-क्रमांकाला, बांधलेलं असेल तर तो आकडा मशीन चालू असतानाच उतरवून ठेवा. जुन्या सन वर्कस्टेशनमध्ये तो बॅटरीवर चालणाऱ्या चिपमध्ये असतो. बॅटरी संपली की आकडा जातो आणि लायसन्स मशीनला ओळखत नाही. त्या वेळी कोणत्या अटींवर, किती दिवसांत नवं लायसन्स मिळणार, हे करारातच लिहून घ्या.

त्या एका ओळीच्या दुरुस्तीसाठी त्या इंजिनिअरच्या कंपनीने ‘जादा भेट’ म्हणून बिल पाठवलं. मी त्यावर सही केली नाही. सोबत त्यांचाच फॅक्स जोडून परत पाठवलं.