पडद्यावरचे अंगण : व्हिडिओ कॉलवर मुलांचे खेळ

हैदराबादेतील शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या आणि मधला अल्पकाळ वगळता सप्टेंबर २०२१ पर्यंत बहुतांश बंदच राहिल्या. त्या काळात आपल्या मुलांनी व्हिडिओ कॉलवर अभ्यास केला, वाढदिवस साजरे केले, पुण्या-नांदेडच्या आजी-आजोबांना घरच्या गणपतीची आरती दाखविली. साथ ओसरली, शाळा भरू लागल्या, पण व्हिडिओ कॉल घरात राहिला तो राहिलाच. सुट्टीत चार गावची भावंडे पडद्यावर एकत्र येतात, आणि दहा मिनिटांतच "आता काय करायचे?" असा प्रश्न पडून एकेक जण उठून जातो. हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी बालरोगतज्ज्ञाने त्याकडे गांभीर्याने पाहावे असे मला वाटते.

पालक प्रथम विचारतात, "डॉक्टर, हाही स्क्रीन टाइमच ना?" भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवू नये, दोन ते पाच वर्षांपर्यंत मोठ्यांच्या देखरेखीखाली कमाल एक तास, आणि पाच ते दहा वर्षांपर्यंत दोन तासांहून कमी अशी मर्यादा आहे. मात्र नातलगांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल लहान बाळांच्या बाबतीतही वेगळा मानला जातो, आणि त्याला शास्त्रीय आधार आहे. मरे आणि ट्रेव्हार्थन यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अवघ्या दोन-तीन महिन्यांची बाळे आईशी दूरचित्रवाणीच्या दुहेरी जोडणीवरून आनंदाने 'बोलत' होती. पण त्याच आईचे आधी मुद्रित केलेले दृश्य लावताच ती अस्वस्थ झाली. चेहरा तोच, आवाज तोच. प्रतिसाद मात्र बाळाला मिळत नव्हता. पुढे २०१४ मध्ये रोझबेरी आणि सहकाऱ्यांनी दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवीन क्रियापदे शिकविली. समोरासमोर आणि व्हिडिओ कॉलवर मुले ती शिकली, मुद्रित चित्रफितीवरून शिकली नाहीत. तात्पर्य, पडद्यावरून कोणी प्रतिसाद देते की नाही, हे पाहणे महत्त्वाचे. मोठ्यांनी एकतर्फी गोष्ट सांगायची आणि मुलांनी मुकाट ऐकायची, असा कॉल जवळजवळ कार्टूनच्याच मोलाचा होय.

समोरासमोरच्या संभाषणात एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत साधारण पाव सेकंदाहूनही कमी वेळ जातो. व्हिडिओ कॉलवर आवाज उशिरा पोहोचतो, आणि बहुतेक यंत्रणा एका वेळी एकाचाच आवाज पुढे आणून टाळ्या, वाद्ये हे गोंगाट समजून दाबून टाकतात. म्हणून समूहगीत पडद्यावर हमखास बेताल होते, आणि 'जो आधी सांगेल तो जिंकला' या नियमावर तर भांडणेच होतात, कारण कोण आधी बोलले हे प्रत्येक घरी वेगळे ऐकू येते. खेळ निवडताना ही मर्यादा आधी ध्यानात घ्यावी. मग आपल्या जुन्या खेळांतील कोणते तरतील हे आपोआप उमगते. 'मामाचे पत्र हरवले' तरणार नाही. भेंड्या तरतात, कारण गाणारा एकच असतो. मात्र पाळीचा क्रम आधी ठरवून घ्यावा. 'शिवाजी म्हणतो' उत्तम, पण चुकलेल्याला बाद करू नये. अंगणात बाद झालेला मुलगा कडेला बसून पाहतो, पडद्यावरचा कॅमेरा बंद करून निघून जातो. त्याउलट चुकेल त्यालाच शिवाजी करावे, खेळ रंगतो.

माझ्या मते सर्वांत गुणकारी खेळ 'नाव-गाव-फळ-फूल'. प्रत्येकाने वहीवर लिहावे आणि तीन म्हणताच सर्वांनी वह्या कॅमेऱ्यासमोर धराव्यात. विलंबाचा प्रश्नच मिटतो. 'ज' अक्षर आले की जुन्नर, जालना आणि आपल्याकडचे जनगाव एकाच पडद्यावर येतात. कोणी फुलांत जाई लिहितो, आणि "जाई म्हणजे काय?" असे दुसरा विचारतो. हैदराबादेतील मराठी मूल शाळेत इंग्रजी, तेलुगू आणि हिंदी शिकते. २०१८ च्या कायद्यानंतर तेलुगू सर्व शाळांत टप्प्याटप्प्याने अनिवार्य झाली, आणि ते योग्यही आहे. मराठी मात्र बहुतांशी घरापुरती उरते, आणि घरात ती बहुधा "जेवायला ये", "दप्तर आवर" एवढीच असते. समवयस्कांशी भांडायला, चिडवायला, फसवायला मराठी वापरण्याची संधी या मुलांना फारशी मिळत नाही, आणि जी भाषा खेळात नाही ती मुलाच्या तोंडी फार काळ टिकत नाही, असे माझे अनेक वर्षांचे निरीक्षण आहे.

'शोधून आणा' हा खेळही असाच. "घरातील पितळेची एक वस्तू आणा" म्हटले की मुले स्वयंपाकघरात धावतात, आजीला विचारतात आणि फुलपात्र, पळी, अडकित्ता घेऊन परततात. मग वस्तूचे नाव व उपयोग सांगावयाचा. यात मूल खुर्चीवरून उठते, डोळ्यांना दूरचे दिसते, पाय मोकळे होतात. हा लाभ लहान नव्हे. चीनमधील फेइचेंग येथील शालेय तपासणीत सहा वर्षांच्या मुलांमधील निकटदृष्टिदोषाचे प्रमाण २०१५ ते २०१९ या वर्षांत कमाल ५.७ टक्के होते, ते २०२० मध्ये २१.५ टक्के आढळले. तेव्हा कॉल संध्याकाळच्या मैदानाच्या वेळी कधीही ठेवू नये. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी आपल्या शहरात मूल बाहेर पडूच शकत नाही, ती वेळ उत्तम. मोबाइल हातात न देता लॅपटॉप किंवा टीव्ही हातभर किंवा त्याहून दूर ठेवावा.

गट लहान हवा. चार ते सहा वर्षांची चार-पाच मुले आणि वीस मिनिटे पुरे. सात ते दहा वर्षांची सहा-आठ मुले पाऊण तास खेळू शकतात. त्याहून लहानांसाठी गट नकोच, एक आजी आणि एक नातवंड एवढे पुरे. कॉलचा दुवा फक्त पालकांकडे असावा, एक मोठा माणूस खोलीत असावा, आणि मुलांचे चित्रीकरण पालकांच्या संमतीवाचून कोणीही करू नये.

ज्या मुलांना साथीनंतरही घरात राहावे लागते, त्यांच्यासाठी हे खेळ विशेष मोलाचे आहेत. रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणारे, किंवा मूत्रपिंडाच्या विकारासाठी दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे मूल कित्येक महिने गर्दीपासून दूर ठेवावे लागते. अशा मुलास आपण मोठी माणसे कौतुकाने पंच करतो, गुण लिहायला बसवितो. त्यास पंच करू नये, खेळाडू करावे आणि हरूही द्यावे. हाताला सलाइन असेल तर वहीचा खेळ टाळून 'ताटातील वस्तू' घ्यावा: एकाने ताटात दहा वस्तू मांडून मिनिटभर दाखवाव्यात, रुमालाखाली एक काढून घ्यावी, आणि कोणती गेली ते बाकीच्यांनी पाळीपाळीने सांगावे. ताट मांडण्याची पहिली पाळी त्या मुलाला द्यावी. वस्तू आई मांडील, कोणती काढावयाची ते त्याने तिच्या कानात सांगावे.