सफरचंद : निवड, साठवण आणि स्वयंपाक

बेंगळुरूच्या परिसरात एकेकाळी ‘रोम ब्यूटी’ या वाणाच्या सफरचंदांच्या बागा होत्या, हे आज सांगूनही खरे वाटत नाही. मूळचा अमेरिकेतील ओहायो राज्याचा हा वाण शिजवला तरी फोडींचा आकार टिकवतो. आता येथील बाजारात प्रामुख्याने काश्मीर व हिमाचल प्रदेशातील फळे येतात. हंगाम सरल्यावर मिळणारी फळे बहुधा शीतगृहात काही महिने राहिलेली असतात. म्हणून निवड करताना केवळ लाल रंगावर विसंबू नये. हाताला जड व टणक लागणारे, न सुरकुतलेले फळ घ्यावे.

खरे नुकसान घरी होते. बेंगळुरूची हवा सौम्य म्हणून फळे टेबलावरील टोपलीतच राहतात. परंतु काढणीनंतरही फळाचे श्वसन चालूच असते. खोलीच्या तापमानाला गर लवकर पिठूळ होतो. ० ते ४ अंश सेल्सिअसला तेच फळ कित्येक आठवडे टिकते. फळे न धुता, छिद्रे पाडलेल्या पिशवीत फ्रिजमध्ये ठेवावीत, धुणे खाण्यापूर्वीच. सफरचंदातून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे पालेभाज्या पिवळ्या पडतात, त्यामुळे कोथिंबीर, पालक दूर ठेवावेत.

पिठूळ झालेले फळ पूर्ववत होत नाही, पण टाकूनही देऊ नये. किसून शिऱ्यात घातल्यास ते उत्तम मिळून येते. साखरांब्यासाठी मात्र आंबट, टणक फळच हवे. किसताच लिंबू पिळल्यास कीस चटकन काळवंडत नाही. बुरशी लागून सडलेले फळ, तेवढा भाग कापूनही, वापरू नये; पॅट्युलिन हे बुरशीजन्य विष शिजवूनही पूर्णपणे नष्ट होत नाही.