जुनी डिस्क, नवा मदरबोर्ड

ओळखीच्या एका फोटो स्टुडिओत ८० जीबीची आयडीई हार्ड डिस्क कपाटात पडून होती. गावातल्या कितीतरी लग्नांचे मूळ फोटो तिच्यात होते. जुना संगणक बंद पडला, नवा आला. पण नव्या मदरबोर्डवर ४० पिनांची ती रुंद पट्टी केबल लावायला जागाच नव्हती. यूएसबी अ‍ॅडाप्टर आणला. डिस्क फिरल्याचा आवाज येई, स्क्रीनवर मात्र काही दिसेना. ‘डिस्क गेली,’ असं सांगून दुकानदार मोकळा झाला.

डिस्क धडधाकट होती. तिच्या मागच्या बाजूला, केबल आणि पॉवरच्या सॉकेटांमध्ये, तांदळाच्या दाण्याएवढा एक जम्पर होता. आयडीईत एका केबलवर दोन डिस्क चालत, एक मास्टर आणि एक स्लेव्ह. ही स्लेव्ह म्हणून लावलेली होती आणि अ‍ॅडाप्टरला मास्टर हवी होती. डिस्कच्या लेबलवरची आकृती बघत मी चिमट्याने जम्पर हलवला, आणि फोल्डर उघडले.

आयडीईला पर्याय म्हणून २००३ मध्ये साटा आलं. २००६ च्या सुमारास इंटेलने आपल्या चिपसेटमधून आयडीई काढूनच टाकलं. त्यामुळे आज अ‍ॅडाप्टरशिवाय गत्यंतर नाही. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात आणि यूएसबी तेवढे देत नाही. म्हणून स्वतंत्र पॉवरचाच अ‍ॅडाप्टर घ्यावा.

साटाचं बरंचसं सुरळीत असतं. वेग दीड गिगाबिटवरून तीन, मग सहावर गेला, तरी डेटाच्या सात पिना त्याच राहिल्या. जुनी डिस्क नव्या पोर्टवर आपल्या वेगाने चालते. अपवाद आहेत. व्हीआयएच्या व्हीटी८२३७ सारख्या जुन्या चिपसेटना तीन गिगाबिटची डिस्क दिसतच नसे. अनेक डिस्कवर त्यासाठी वेग दीडवर आणणारा जम्पर दिलेला असे.

एम.२ स्लॉटचं उलट आहे. एसएसडीची पट्टी आत बसते, पण स्लॉट फक्त साटाचा आणि पट्टी एनव्हीएमई असेल तर ती चालत नाही. खरेदीपूर्वी मदरबोर्डची पुस्तिका उघडावी.

खरा धोका विंडोजच्या प्रश्नात आहे. दोन टीबीहून मोठ्या डिस्क विंडोज एक्सपीवरही चालाव्यात म्हणून काही यूएसबी डॉक आणि बाहेरच्या डिस्कचे डबे ५१२ बाइटऐवजी ४०९६ बाइटचे सेक्टर दाखवत. अशी डिस्क डब्यातून काढून थेट साटावर लावली की विंडोजला ती कोरी वाटते आणि ‘फॉरमॅट करायची का?’ असं विचारलं जातं. इथे ‘हो’ म्हणू नये. डिस्क परत त्याच डब्यात घालावी. बहुतेक वेळा सगळं जागच्या जागी मिळतं.

डिस्क दिसू लागली की तिच्यावर काहीही लिहू नये, आधी सगळं दुसरीकडे कॉपी करावं. कॉपीतले चार-दोन फोटो उघडून खात्री करावी, मगच जुनी डिस्क काढावी.