मर्यादा, मुदत, निर्बंध आणि बंदी

धाराशिव जिल्ह्यातील ढोकी हे गाव तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखान्यामुळे राज्यात परिचित आहे. या कारखान्याच्या पूर्ण नावाच्या अखेरीस 'मर्यादित' हा शब्द येतो. गावोगावच्या विविध कार्यकारी सोसायट्या, पतसंस्था व दूध संघ यांच्या पाट्यांवरही तो असतो. मर्यादित नेमके काय आहे, हे मात्र क्वचितच विचारले जाते. कार्यक्षेत्र, गाळपक्षमता की सभासदसंख्या? यांपैकी काहीच नाही. इंग्रजीतील 'लिमिटेड' हे विशेषण येथे सभासदाच्या दायित्वाचे आहे. संस्थेच्या देण्याबद्दल सभासदाची जबाबदारी त्याच्या भागाच्या रकमेपुरतीच राहते. ढोकीचा कारखाना कर्जाच्या भारामुळे अनेक हंगाम बंद राहिला व पुढे भाडेतत्त्वावर चालविण्यास देण्यात आला. अशा वेळी संस्थेचे कर्ज सभासदाच्या शेतावर चढत नाही, हा दिलासा त्या एका शब्दात आहे. सभासदाने स्वतः काढलेले कर्ज किंवा स्वीकारलेली जामीनकी ही गोष्ट अर्थातच वेगळी.

इंग्रजीत लिमिट, सीलिंग, लिमिटेशन, रिस्ट्रिक्शन, प्रोहिबिशन असे एकमेकांजवळचे अनेक शब्द आहेत. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नंतर कार्यालयीन कामकाज मराठीत येत गेले, तसे हे शब्दही मराठीत उतरवावे लागले. घाईच्या मसुद्यात या सर्वांसाठी 'मर्यादा' हा एकच शब्द वापरला जातो. वाचणारा ग्रामस्थ त्यातून भलताच अर्थ काढतो.

'लिमिट' म्हणजे जेथे एखादी गोष्ट संपते ती रेषा. ती जमिनीवरची असेल तर मराठीत हद्द म्हणावे. 'ग्रामपंचायतीच्या मर्यादेत' असे लिहिण्याचे कारण नाही. ती परिमाणाची असेल तर मर्यादा, आणि वरची बाजू दाखवायची असेल तर कमाल मर्यादा. 'सीलिंग' ते हेच. महाराष्ट्र शेतजमीन (जमीनधारणेची कमाल मर्यादा) अधिनियम, १९६१ या नावातील 'कमाल' हा शब्द अनावश्यक नाही, कारण मर्यादा किमानही असू शकते. १९७५ च्या सुधारणेनंतर बारमाही ओलिताच्या जमिनीस १८ एकर व कोरडवाहू जमिनीस ५४ एकर ही कमाल मर्यादा ठरली.

'लिमिटेशन' या शब्दाने अधिक घोटाळा होतो. सामान्य इंग्रजीत त्याचा अर्थ उणीव किंवा कुवतीची मर्यादा असा होतो. कायद्यात मात्र तो काळाशी निगडित आहे. १९६३ च्या केंद्रीय अधिनियमाला मराठीत मुदत अधिनियम म्हणतात, ते योग्यच आहे. मुदत, हद्द, मनाई हे मूळचे अरबी शब्द. १९४८ पर्यंत उर्दू राजभाषा असलेल्या मराठवाड्यात ते जुन्या शेतकऱ्यालाही समजावून सांगावे लागत नाहीत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा कनिष्ठ महसूल अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध अपिलाची मुदत ६० दिवसांची आहे. नोटिशीत 'अपील मर्यादेबाहेर आहे' असे लिहिले, तर खातेदाराला वाटते की अधिकाऱ्याला अधिकारच नाही, आणि तो दुसऱ्या कार्यालयाचा उंबरठा झिजवू लागतो. 'अपील मुदतबाह्य आहे' असे लिहिल्यास दोष विलंबाचा आहे, हे त्याला कळते. शिवाय सबळ कारण दाखविल्यास विलंब माफ होऊ शकतो, ही वाटही त्याला दिसते. कनिष्ठाचा अधिकार नसणे यास 'अधिकारकक्षेबाहेर' हा स्वतंत्र शब्द आहेच.

'रिस्ट्रिक्शन' व 'प्रोहिबिशन' यांतील अंतर सर्वांत महत्त्वाचे. निर्बंध म्हणजे अट घालून दिलेली मोकळीक; बंदी वा मनाई म्हणजे दार लावून घेणे. संविधानाच्या अनुच्छेद १९ मध्ये नागरिकांच्या स्वातंत्र्यावर 'वाजवी निर्बंध' घालण्याची मुभा आहे. विशिष्ट परिस्थितीत निर्बंधात संपूर्ण मनाईही येऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली नरेंद्रकुमार प्रकरणात म्हटले. परंतु तो न्यायालयाने तपासण्याचा अपवाद आहे. मसुदा लिहिणाऱ्या लिपिकाने तो नियम समजू नये.

याचे रोजचे उदाहरण म्हणजे भोगवटादार वर्ग २ ची जमीन. अशी जमीन सक्षम प्राधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून हस्तांतरित करता येत नाही. हा निर्बंध होय. सातबाराचा उतारा हाती देताना 'विक्रीस बंदी आहे' एवढेच सांगितले, तर मुलीच्या लग्नासाठी किंवा आजारपणासाठी पैशाची निकड असलेला खातेदार परवानगीचा अर्जच करीत नाही. तो साध्या कागदावर व्यवहार उरकतो, आणि पुढे शर्तभंगाची कारवाई त्याच्यावर व घेणाऱ्यावर ओढवते. विहिरींबाबतही असेच घडत आले आहे. महाराष्ट्र भूजल अधिनियम, १९९३ अन्वये सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत, उद्भव त्याच पाणलोट क्षेत्रात असल्यास, परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नसे. गावात त्याचे 'विहीरबंदी' झाले. त्यामुळे परवानगी मागणारे थोडे आणि रात्रीतून बोअर घेणारे पुष्कळ, अशी स्थिती होते. पुढे २००९ च्या अधिनियमाने या कायद्याची जागा घेतली व तो २०१४ पासून अमलात आला. ग्रामपंचायतीच्या फलकावर अशी तरतूद लिहिताना 'परवानगीशिवाय' हा शब्द प्रथम, ठळक अक्षरांत लिहावा आणि परवानगी कोणाकडे मागावयाची ते त्याच ओळीत द्यावे.